चढवलेला आवाज

बुधवार, संध्याकाळ

काल वादळात शेजारच्या शेवंताकाकीने दार ठोठावलं. "गो बाय, बरी आसस मां?" मी ऐकलं. तिची कौलं उडताना खिडकीतून पाहिली होती. आता ही आपल्याकडेच मुक्काम ठोकणार, माझ्या सोवळ्यात मासे शिजवणार... पोथीचा अध्याय अर्धा सोडून उठू नये, हे कारण हाताशी होतंच. मी आवाज चढवून वाचत राहिले. ती गेली.

आज तीच हसत म्हणाली, "इतक्या मोठ्यान वाचतस म्हणजे बरी आसस, म्हटलंय, नि परत गेलंय."

सगळं वादळ तिने उघड्या घरात भिजत काढलं. आवाज कशासाठी चढवला, ते देवाला ठाऊक. तिच्या हातात चहा दिला, पण "काकी, तू कशी आहेस?" एवढं काही माझ्याने विचारवलं नाही.