समोरची भिंत पाच फूट

२९ जुलै, नागपंचमी
सकाळी पाट भिवाच्या गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवायला देऊन आलो. दरवर्षीचाच पाट, त्यावर शोभेल तेवढी मूर्ती. बाकी यंदा काहीच दरवर्षीसारखं नाही. पावस गावच्या मूळ घराचं छप्पर दुरुस्तीला उतरवलंय, म्हणून गणपती माझ्याकडे, रत्नागिरीला. दुपारी डोंबिवलीहून दादाचा फोन. तुझ्या बाहेरच्या खोलीत बाप्पा आणि वीस माणसं मावणार नसतील तर आत्ताच सांग, यंदापासून आम्ही इकडे बसवतो, म्हणाला. मुंबईकडे गेलेला गणपती परत येत नाही. आमच्या वाडीतल्या तीन घरांचे असेच गेले.
रुचिरा म्हणाली, त्यात काय, खिडकीजवळच्या टेबलावर बसवू. बायकोला टेबल दिसतं, खोली दिसत नाही. शिवाय तिथे मी चित्र काढायला बसणार. निश्चय: खोलीचं रीतसर चित्र काढून दादाला पाठवायचं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला माझी ए ग्रेड थोडक्यात हुकली होती. सी आली.

१ ऑगस्ट
एचबी पेन्सिल. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून. दार, खाट, टीव्ही, समोरची भिंत. पर्स्पेक्टिव्ह असं उतरलं की खोली बोगद्यासारखी खोल दिसते. फॅमिली ग्रुपवर टाकलं. दादाने विचारलं, इतकी अरुंद? खाली वहिनींचा अंगठा. तो चित्राला की प्रश्नाला, कळत नाही.

४ ऑगस्ट
चूक पेन्सिलीची होती. बंबातला कोळसा घेतला. कोळशाने खोलीला भारदस्तपणा येतो. छत उंच दिसावं म्हणून जमिनीवर उताणा पडून काढलं. उंच दिसलं. पण चित्रात पंखा, ट्यूबलाइट आणि खाटेची कड एवढंच आलं. उठताना हात भिंतीला लागला. गणपतीसाठी रंगवलेल्या भिंतीवर हे काय, असं रुचिराने विचारलं. शेडिंग, म्हटलं.

७ ऑगस्ट
वरून बघितल्याशिवाय खोली कळत नाही. टेबलाशी शिडी लावून, वर चढून, जेल पेनने. शिडी हलली की रेघ हलते. वीस माणसं मावतात हे दाखवायला वीस गोल काढले. दादाचा फोन, एवढे नारळ कशाला? मग आवाज बदलून म्हणाला, पंधरा तारखेपर्यंत काय ते नक्की सांग, नाहीतर इथे मूर्ती सांगून टाकतो. जेवण गेलं नाही.

१२ ऑगस्ट
तोडगा सापडला! समोरच्या भिंतीला लाकडी मखर, कायमचं. दादाला कळवलं. बरं, यंदा येऊन बघू, म्हणाला. सखाराम सुताराला सणाची इतकी कामं की माप घ्यायला यायला सवड नाय. भाऊ, माप तेवढं लिवून द्या, म्हणाला. माझं पहिलं चित्र कामी आलं. दार माझ्या बाजूलाच, सहा फुटी. चित्रात सहा इंच. म्हणजे इंचाला फूट. साधं त्रैराशिक. खोलीच्या पार टोकाची समोरची भिंत चित्रात पाच इंच, म्हणजे पाच फूट. इतकी वर्षं इथे राहतोय, भिंत एवढीशी आहे हे चित्र काढलं तेव्हा कळलं!
रुचिरा म्हणाली, त्या भिंतीला लावलेली खाटच साडेसहा फुटांची आहे. म्हणजे खाटवाल्यानेही फसवलं.
मखर भिंतीच्या एक तृतीयांश. प्रमाण म्हणजे प्रमाण. पाट मावेल ना त्यात, असं तिने विचारलं. पाट भिवाकडे, त्यावर मूर्ती घडतेय. पण तो माझ्या डोळ्यांत बसलाय.

२३ ऑगस्ट
मखर आलं, भिंतीवर बसलं. सुबक. खाट काढल्यावर भिंत जरा वाढल्यासारखी वाटते. तिच्यावर मखर पोस्टाच्या पेटीएवढं दिसतं. भिवाकडे जाऊन एकदा पट्टी लावावी का? पण रंगकाम चालू असताना बाप्पाला पट्टी लावणं बरं दिसत नाही. उद्या दादा सगळ्यांना घेऊन निघतोय.

२६ ऑगस्ट, संध्याकाळ
मूर्ती आणली. माझ्या डोक्यावर टोपी, हातात पाटासकट बाप्पा, मागे झांजा वाजवत वीस माणसं. मखराशी गेलो. पाट आत जाईना. सरळ, तिरका, पुन्हा सरळ. चार बोटं कमी. घरी आणलेला बाप्पा जमिनीवर ठेवता येत नाही, आणि आणखी कुठे ठेवायचा ते माझ्या एकाही चित्रात नव्हतं. झांजा थांबल्या. दादा म्हणाला, काय रे, काढ तुझं चित्र बाहेर. खरंच रडू येत होतं.
रुचिराने खिडकीजवळच्या टेबलावरून हात फिरवला. पेन्सिली, कोळसा, कागद, सगळं टोपलीत. ओलं फडकं, वर लाल कापड, तांदूळ. अहो, इकडे आणा, म्हणाली. ठेवला. पाट असा बसला की दोन्ही बाजूंना समया मावल्या. वीस माणसं खोलीभर ऐसपैस.
आरती झाल्यावर दादाने विचारलं, हा कोपरा तुझ्या चित्रांत कसा नाही? कसा असेल? तिथे मी बसलो होतो.

२ सप्टेंबर
मांडवीच्या किनाऱ्यावर विसर्जन. रिकामा पाट परत आणला, त्यावर मूठभर वाळू. पुन्हा टेबलावर ठेवला. निघताना दादाने सगळ्यांसमोर सांगितलं की गणपती आता कायम रत्नागिरीलाच. ऊर भरून आला. मग म्हणाला, खोलीचं मात्र रुचिरा बघेल, तू पेन्सिल हातात घ्यायची नाहीस. सगळे हसले. मीही हसलो.
मखरात सेट-टॉप बॉक्स चपखल बसलाय.
सगळे गेल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली. पट्टी आणून पाट मोजला. दोन फूट. इथे लिहून ठेवतोय. कोणी विचारलेलं नाही.