गळ्याइतकं पाणी

३ फेब्रुवारी

प्लास्टर काढलं. आतून निघालेला पाय माझा वाटेना — काडी झालेला, कोरडा, पांढुरका. बाहेर धाकटा भाऊ आणि वहिनी. दोघांनीही पायाकडे बघायचं टाळलं. अपघातात हे गेले आणि मी पायावर निभावले, असं सगळे म्हणतात. निभावले म्हणजे काय, कळत नाही.

५ फेब्रुवारी

नडगीचं हाड जुळलंय, पण विरळ झालंय म्हणे. फिजिओबाई पोहण्याच्या तलावात व्यायाम घेणार. हाड भरलं की भावाकडून माझ्या घरी जायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आता तिथे कोणीच नाही. मला जायचं नाही. भाऊ म्हणतो, घाई कसली! आणि उठून पंखा कमी-जास्त करतो.

९ फेब्रुवारी

पाण्यात उतरले. गळ्याइतक्या पाण्यात पायावर काहीच भार येत नाही. बरं वाटलं असंही नाही. काहीच वाटलं नाही — आणि तेच हवं होतं!

फिजिओबाई काठावरून सांगतात. "हाड मोठं आळशी असतं. भार पडला तरच भरतं." म्हणून हळूहळू उथळ पाण्याकडे सरकायचं, आधी छातीइतक्या, मग कमरेइतक्या. वहिनी पाण्यात पाय सोडून बसते, मांडीवर माझा टॉवेल.

१८ फेब्रुवारी

आज छातीइतकं पाणी. पहिल्याच पावलाला पाय ठणकला. जरा गुडघे वाकवले, तर पाणी परत गळ्याशी! तशीच चालले, बेडकासारखी. बाईंना लांबून डोकंच दिसतं. शाब्बास म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

तसंच.

२७ फेब्रुवारी

तसंच. संध्याकाळी वहिनी भाजी निवडत बोलत असते — शेजारीण, दूधवाला, माहेरची भांडणं. मी नुसती बसून असते. हूं म्हणायचंही राहून जातं.

११ मार्च

नवा एक्स-रे. हाड होतं तसंच. डॉक्टरांनी माझ्यासमोर फिजिओबाईंना फोनवर झापलं. तुमचा व्यायामच चुकतोय, म्हणाले. मी खाली मान घालून गप्प. लाज वाटायला हवी होती.

१२ मार्च

फिजिओबाई स्वतःच पाण्यात उतरल्या, शेजारून चालू लागल्या. मध्येच थांबून पाण्याखालून माझा गुडघा चाचपला. आता कान उपटणार, असं वाटलं.

"घरी कोण असतं तुमच्या?"

कोणी नाही, म्हटलं.

त्यांनी गुडघा सोडला. मग हात पुढे केला. "धरा. आणि सरळ उभ्या राहा."

राहिले. कळ थेट मस्तकात गेली. हात न सोडता पलीकडच्या काठापर्यंत गेले.

३० मार्च

कमरेइतकं पाणी. दुखतं. चालते.

२२ एप्रिल

हाड भरतंय! डॉक्टर खूश, भाऊ खूश. रविवारी घरी. भाऊ उद्या तिकडे जाऊन झाडून-पुसून येणार. वहिनी दिवसभर गप्प.

२३ एप्रिल

वहिनी भांडी पुसत होती. तिला गुडघ्यांचं सांगून टाकलं. म्हणाली, ठाऊक होतं, काठावरून पहिल्याच दिवशी दिसलं.

मग बोलली का नाहीस?

ती पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली.

"ताई, तुम्ही बऱ्या झालात की जाणार. मग या घरात मी बोलू कोणाशी?"