राब भाजतात, जाळत नाहीत

८ एप्रिल २०२५

एकशे एकाहत्तर! शाळेच्या गच्चीवर चढून यंत्रातला कालचा आकडा उतरवला आणि तिथेच उडी मारली. धुळीची मर्यादा शंभर, आणि आपण एकशे एकाहत्तर! वाईट बातमीवर एवढं खूश व्हावं का? होऊ दे.

नव्या जेट्टीपासून हायवेपर्यंत ट्रकचा रस्ता व्हायचाय. एक मार्ग आमच्या गावातून, शाळेच्या भिंतीला घासून. दुसरा बाहेरच्या माळावरून, लांबचा. या प्रकल्पाची अट अशी — आजची धूळ अधिक ट्रकची धूळ शंभराच्या वर गेली, तर तो मार्ग बाद. म्हणजे रस्ता कुठून जाणार हे हवा ठरवणार! आणि ती हवा मोजतेय मी!

१० एप्रिल

बारा दिवस पूर्ण. सरासरी एकशे अठरा. हवा मोजायचं काम ज्यांच्या हाताखाली करते ते हर्षद सर म्हणाले, गावातला मार्ग गेलाच समज. आमच्या म्हसळ्याच्या ऑफिसात त्यांनी सगळ्यांना माझ्या नावाने चहा पाजला. एस.टी.त बसल्या बसल्या आईला फोन केला. तिला एवढंच कळलं की पोरीचं काहीतरी बरोबर आलंय. पुरे.

१२ एप्रिल

दुपारी जेवताना बाबांना सगळं सांगत होते. गाड्यांचा धूर, धुळीचे कण, एकशे अठरा. बाबा भाकरी मोडत ऐकत होते. मग म्हणाले, "शालंमागं पाच दिस राब भाजला आमी. त्यो धूर पन तुज्या मशनीत गेला आसंल ना?"

मी हसले. मग घास हातातच राहिला.

फॉर्मवर रोज एक प्रश्न असतो — 'दोनशे मीटरच्या आत काही जाळले का?' बारा दिवस मी लिहिलं, 'नाही'. खोटं नाही लिहिलं! राब कुणी जाळत नाही, राब भाजतात. जाळतात तो कचरा. 'जाळले का' वाचल्यावर राब डोळ्यांसमोर आलाच नाही. जन्मापासून दर उन्हाळ्यात तो धूर नाकात जातोय, तरी. ग्रॅज्युएट!

१५ एप्रिल

सरांना सांगितलं. सर नागपूरचे, त्यांना राब आधी समजवावा लागला — भाताचं रोप जिथे करायचं तिथे पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं. तण मरतं, रोप जोमाने येतं. सरांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

मग दोघांनी मिळून ते पाच दिवस वगळले. सरासरी चौऱ्याऐंशी. आमच्या हिशोबात दिवसाला साठ ट्रक धरलेले, त्यांची धूळ बारा. शहाण्णव. गावातला मार्ग पास!! ट्रक शाळेवरून.

सर हळूच म्हणाले, "हेमांगी, फॉर्म आहे तसा राहू दे. पोरांचं भलंच होतंय ना?"

होतंय. तेच तर.

१६ एप्रिल

फॉर्म दुरुस्त केला. पाच ठिकाणी 'होय', शेजारी सही. सरांनी चहालाही हाक मारली नाही.

२१ एप्रिल

मिळालं! मिळालं!! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

शहाण्णव काही केल्या पटत नव्हता. साठ ट्रक आले कुठून? कुणालाच नीट माहीत नाही, जुन्या अहवालातून उचललेले. म्हणून रस्त्याची फाईल काढली. तीच जेट्टी, तोच रस्ता — आणि दिवसाला ट्रक एकशे चाळीस! रस्ता रुंद हवा म्हणून तिथे एकशे चाळीस. हवा पास व्हावी म्हणून इथे साठ. दोन्ही फाईली एकाच कपाटात, वरच्या आणि खालच्या फळीवर. एकमेकींचं तोंड कधी पाहिलेलं नाही!

एकशे चाळीस ट्रकची धूळ अठ्ठावीस. चौऱ्याऐंशी अधिक अठ्ठावीस, एकशे बारा. राबाशिवाय!

सरांनी तीनदा बेरीज केली. मग म्हणाले, "एकशे अठरावर आपण थांबलो असतो, तर ही फाईल उघडलीच नसती." आणि स्वतः चहा सांगून आले.

२५ एप्रिल

रस्त्याची सुनावणी झाली. शाळेचाच हॉल, गाव झाडून आलेलं. सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, पाच दिवस का वगळले? मी उभी राहिले आणि राब सांगितला. कुठे, किती दिवस, कुणाकुणाचा — सगळं. साहेब लिहून घेत होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाकाकू मागून म्हणाल्या, "धर्माजीची पोर शिकली, आता घरचा धूर पन सायबाला दावते." हॉल हसला. बाबा सगळ्यात जास्त हसले.

मग दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवल्या. साठ. एकशे चाळीस. रस्त्याच्या इंजिनीअरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तपासून सांगतो म्हणाला. सगुणाकाकूच पुन्हा, "तपासा की. तवर पोरांनी नाक धरून बसायचं काय?"

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. मी पाहिली ती रेघ!

३० एप्रिल

माळावरून! माळावरूनच!! सरांचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर होते. कळशी तिथेच टाकून धावत शाळेत गेले. मुलं मैदानात लगोरी खेळत होती, त्यांना काय सांगणार? बघत उभी राहिले. बाबांनी संध्याकाळी पेढे आणले. घरात पहिल्यांदाच कुणी सरकारी कागद बदलला, असं ते दारोदार सांगत फिरले.

१९ मे

निर्णयाची प्रत आली. पान चार — शाळेपासून पाचशे मीटरच्या आत पुढल्या हंगामापासून राबाला मनाई. आमची सगळी जागा त्यातच येते. बाबांनी ते पान मला दोनदा वाचायला लावलं.

"पोरांना धूर नको, बराबर हाय," ते म्हणाले. "पन रोप कसं करायचं, ते लिवलंय काय?"

मी तिसऱ्यांदा वाचलं. लिहिलेलं नाही.