शेवटच्या शब्दाआधीचा श्वास

दि. ४ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
मोठ्या भावाचे आशीर्वाद, आणि सोबत एक टपली. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून फुगून बसू नकोस. त्या आजारपणात फुप्फुस अर्धं कामातून गेलं, तेव्हापासून फोनवर चार वाक्यं बोललो की धाप लागते. कागदावर लागत नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तुझा कार्यक्रम दर रविवारी बघतो. परीक्षकाच्या खुर्चीत शोभतेस. कानातले जरा लहान घाल, गाण्यापेक्षा तेच जास्त डोलतात. आणि गुणांची ही काय खिरापत चालवली आहेस? त्या चष्मेवाल्याचा वरचा सूर चक्क उतरला होता आणि तू डोळे पुसत होतीस. आपल्या घरात सूर लागला तरी कुणी पाठ थोपटली नाही. लागला नाही म्हणून रडायची पद्धत तू कुठून आणलीस?

माझा वर्ग चालू आहे. शाळेच्या मागची तीच खोली, तीच गळकी खिडकी, पोरं मात्र दरवर्षी नवी. गाऊन दाखवताना दम पुरत नाही, पण तो एक तास मी आजारी नसतो. तुझी वहिनी शिवणकामात. मी घरी गायला बसलो की तिचं मशीन सुरूच असतं. समेवर थांबेल तर शपथ, भलत्याच जागी थांबतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा कान काही तयार झाला नाही.

तुझ्या स्पर्धेतली ती औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी तुला कशी वाटते? सहज विचारतोय.

लोभ आहे तेवढा राहू दे, गुण मात्र कापत जा.
तुझा दादा

दि. ११ नोव्हेंबर

ती. दादास,
टिटवीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

त्या रडण्याचं गुपित सांगते, कुणाला बोलू नकोस. सकाळी चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी आम्हा तिघा परीक्षकांना खुर्चीत बसवतात. समोर कुणी गात नसतं, फक्त एक माणूस शिडीवर चढून दिवे पुसत असतो. आम्ही त्याच्याकडे बघून मान डोलवायची, टाळ्या द्यायच्या, डोळ्याला रुमाल लावायचा. मग हवं तिथे ते चिकटवतात. तुझ्या चष्मेवाल्यासाठी मी रडले नाही रे, शिडीवाल्यासाठी रडले.

आता त्या मुलीचं, जिच्याबद्दल तू सहज विचारलंस. आवाज सोन्यासारखा आहे. पण ओळीचा शेवटचा शब्द यायच्या आधी ती थांबते, श्वास घेते आणि मग तो शब्द हलकेच ठेवते. माझ्या डावीकडे बसणारे संगीतकार त्या जागेवर फिदा आहेत. काय ठहराव आहे, म्हणून उभे राहिले. पहिल्यांदा मलाही आवडलं. पण ती प्रत्येक गाण्यात तेच करते. चालीला नको असतं तिथेही, आणि छातीत भरपूर दम शिल्लक असतानाही. काल तिसऱ्या गाण्यात मी डोळे मिटून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. दादा, तो श्वास तुझा आहे. आजारपणानंतर तू असाच गातोस.

मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं की गाणं कुणाकडे शिकलीस. ती लालबुंद झाली आणि हवेतल्या गारठ्याबद्दल बोलायला लागली. तेव्हाच समजलं की तुम्ही दोघांनी ठरवून माझ्यापासून लपवलं आहे.

मंचावर मी तिला सांगितलं की आवाज तुझा आहे पण श्वास उसना आहे, तो परत कर. आणि दहापैकी सात दिले. हे या रविवारी दिसेल. टीव्हीवरून कानावर पडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहिते आहे. ती तुझी शिष्या आणि मी तुझी बहीण असल्याचं कार्यक्रमवाल्यांनाही कळवणार आहे. यापुढे तिला मी गुण देणार नाही. उरलेल्या दोघांच्या गुणांची सरासरी माझ्या जागी धरतील. सर्वांत कमी गुणांचा स्पर्धक घरी जातो, हे तुला माहीत आहेच.

रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझीच टिटवी

दि. १९ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद. टपली या वेळी नाही, हात चालत नाहीये.

पत्र वाचून तुझा इतका राग आला की चहा तसाच गार झाला. आपल्याच भावाचं दुखणं चारचौघांत काढलंस, असं वाटलं. रविवारी टीव्हीही लावला नाही. तुझ्या वहिनीने शेजारी जाऊन बघितलं आणि येऊन एवढंच म्हणाली की तू बोलताना खाली बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना गायला लावलं आणि पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो. दार लोटून घेतलं आणि भिंतीशी उभा राहिलो. आतली सगळी पोरं, अगदी दुधाचे दात न पडलेलीसुद्धा, शेवटच्या शब्दाआधी थांबली. एकसाथ श्वास घेतला आणि मग शब्द म्हटला. मी त्यांना इथे थांबा असं कधीच सांगितलं नव्हतं, टिटवी. त्यांना वाटलं गाणं असंच असतं. अख्ख्या वर्गाला मी माझी धाप शिकवली.

ती मुलगी माझ्याकडे आली ती आजारपणानंतर. माझा आधीचा आवाज तिने ऐकलेलाच नाही. तुला सांगितलं नाही, कारण कळलं असतं तर तू तिला दोन गुण जास्त दिले असतेस, किंवा तुझा स्वभाव बघता चार कमी. ती स्वतःच्या गुणांवर टिकावी, एवढीच इच्छा होती.

आता ठरवलं आहे की या महिन्याअखेर वर्ग बंद करायचा. ज्याला स्वतःला ओळीच्या शेवटापर्यंत पोहोचता येत नाही त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये. शाळेत कळवायचं बाकी आहे. हे लिहिताना वाईट वाटतंय, ते लपवत नाही.

माया कमी झालेली नाही.
दादा

दि. २४ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार, आणि या वेळी टपली माझ्याकडून. वि. वि.

वर्ग बंद करायचा नाही. तू आडवाटेला जायला लागलास की आई काय म्हणायची ते आठव आणि तेच माझ्याकडून ऐकलं असं समज. त्या मुलीने तुझी धाप उचलली, हे खरं. पण थांबल्यानंतर ती तो शब्द इतका अलगद ठेवते, तेही तुझंच आहे. ते कुठल्या आजारातून आलं? मी जन्मभर गाऊन मला तसा ठेवता येत नाही. तिला सांग की श्वास टाक, शब्द ठेव.

पुढच्या फेरीआधी तिला सुट्टी आहे, ती तुझ्याकडे येईल. तू गाऊ नकोस. नुसता ताल धर आणि तिला तुझ्या पुढे जाऊ दे.

नातं कळल्यावर कार्यक्रमवाले खूश झाले. तुला मंचावर आणून आपण गळ्यात गळा घालून रडावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सांगितलं की माझा भाऊ फार चिडका आहे आणि तो शिडीवाल्यालाही रडवेल.

तुझ्या होकाराची वाट बघणारी,
टिटवी

दि. २ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार. घाईत चार ओळी.

आज चित्रीकरण झालं. तिने सगळ्या ओळी एका श्वासात नेल्या, आणि शेवटचा शब्द तुझ्यासारखा ठेवला. संगीतकारांना ते रुचलं नाही. तिचा ठहराव कुठे हरवला, असं विचारून त्यांनी गुण कापले. माझ्या पुढ्यात तिच्यासाठी गुणांचं बटणच नव्हतं. दादा, मी तिला नऊ दिले असते आणि ती राहिली असती. ती घरी येते आहे. या वेळी रविवारी मी रडताना दिसेन, ते सकाळचं नाही.

मला माफ करशील ना?
टिटवी

दि. ८ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, टपलीसकट. वि. वि.

माफी कसली मागतेस? गुण दिले असतेस तर मीच बोललो असतो.

तू सांगितलंस तसं त्या सुट्टीत तिला घेऊन बसलो होतो. हाताने ताल धरला, पण शेवटचा शब्द आला की माझा हातच थांबायचा. मग तुझ्या वहिनीला म्हटलं की तू मशीन चालव, ही त्याच्या लयीवर गाईल, फक्त मध्ये थांबू नकोस. तिने चालवलं. मुलगी गायला लागली आणि नेमकं शेवटच्या शब्दाआधी मशीन थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच थांबलं. मी वैतागून विचारलं की त्याच जागी काय अडतं. तुझ्या वहिनीने मान वर न करता सांगितलं की मी गाताना तिथे थांबतो, आणि पुढचा शब्द ऐकू येईपर्यंत तिचा पाय पायडलवर पडतच नाही. आजारपणानंतर घरी आलो त्या दिवसापासूनचं आहे म्हणे.

आणि मी तुला लिहिलं होतं की तिचा कान तयार झाला नाही.

मुलीने ते ऐकलं आणि पुन्हा गायला बसली. या खेपेला तुझ्या वहिनीने दात आवळून पाय चालू ठेवला, आणि मुलगी पहिल्यांदा सरळ शेवटापर्यंत गेली. मी मनात तिच्याबरोबर गात होतो, तो मध्येच राहिलो. ती माझ्या पुढे गेली, टिटवी. स्पर्धेत काय व्हायचं ते झालं, मला माझा निकाल त्या दिवशीच मिळाला होता.

सोमवारी ती दुकानातून सुटल्यावर वर्गावर आली. आता ओळ ती गाऊन दाखवते आणि शब्द कसा ठेवायचा ते मी सांगतो. पोरं अजून सवयीने थांबतात, मग ती डोळे वटारते. शाळेत काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही.

काल संध्याकाळी घरी एकटाच गायला बसलो. एकटा म्हणजे आतल्या खोलीत मशीन चालू होतं. शेवटचा शब्द आला तसा मी थांबलो, मला थांबावंच लागतं. मशीनही थांबलं. मी श्वास घेतला, शब्द ठेवला. मग आत मशीन पुन्हा सुरू झालं.

ये एकदा सवड काढून, कानातले लहान घालून.
तुझा दादा