श्वासाचा नमुना

४ मार्च

आज रुजू झाले! कंपनी छोटीच आहे, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालची यंत्रं सुरू झाली की वर टेबलावरचे कप थरथरतात. मला खिडकीजवळची जागा मिळाली. इथे घरी वापरायचे लहान व्हेंटिलेटर बनतात, ज्यांची छाती एकटीने काम करत नाही त्यांच्यासाठी. माणसाच्या उपयोगी पडेल असंच काम करायचंय, असं मी मुलाखतीत म्हणाले तेव्हा टीमचे प्रमुख गालात हसले होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. टेस्टिंगला एक ताई आहेत, तोंडाने फटकळ. त्यांनी मला पाहताच विचारलं की डबा आणलास की नुसती डिग्री आणलीस.

बाबांना फोनवर काम समजावलं. कर्नल म्हणजे यंत्रातल्या संगणकाचा कणा आणि मॉड्यूल म्हणजे त्या कण्याला जोडलेला तुकडा. बाबा वेल्डिंग करतात, त्यामुळे त्यांना लगेच पटलं. म्हणाले, जोड कच्चा आहे तो पक्का करायचा, एवढंच ना? मागून आईचा आवाज येत होता. मुलगी यंत्रांची डॉक्टर झाली, असं तिने शेजारी सांगूनही टाकलंय.

६ मार्च

एवढंच नाहीये. रुग्णाचा श्वास ओळखणारा आमचा मॉड्यूल अधूनमधून कोसळतो आणि अख्ख्या कर्नलला सोबत घेऊन पडतो. मग संगणकाचा बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो, पण तेवढा वेळ यंत्र हवा देत नाही. तेवढ्यात कुणाचा जीव जाऊ शकतो. माझ्या आधी हे काम करणारा मुलगा आजारपणामुळे सोडून गेला. त्याला म्हणे सारखी धाप लागायची.

दिवसभर डोकं फोडलं. कुठे कोसळतो ते कळावं म्हणून लॉगची, म्हणजे नोंद लिहून ठेवणारी, एक ओळ घातली, तर कोसळेचना. ओळ काढली की धाडकन खाली. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं बसणारं आणि पाठ वळली की कपबशी फोडणारं कार्टं असतं ना, तसा आहे हा.

९ मार्च

मेमरी तपासली, घड्याळ तपासलं, तारा बदलल्या, बोर्डही बदलला. काहीही नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर एव्हाना सापडलं असतं, असं सारखं वाटत राहतं. घरात पहिली शिकलेली मी. मलाच जमलं नाही तर कुणाला विचारू?

मॉड्यूलच्या पोटात श्वासाचा एक नमुना असतो. रुग्णाचा श्वास त्याच्याशी ताडून पाहिला जातो. सध्याचा नमुना त्या आधीच्या मुलाचा आहे. मी संगणकावर तयार केलेला श्वास घालून पाहिला, तर बोर्ड सुरूच होईना. दादा म्हणाले की त्याला जिवंत माणसाचाच लागतो, का ते आजवर कुणाला कळलेलं नाही. इथली पद्धतच आहे, मॉड्यूल ज्याच्या हातात, नमुना त्याचा. मग ताईंनी मला मास्क लावला आणि लाजू नकोस म्हणाल्या, फुगा फुगवायचा नाहीये. मी नळीत श्वास घेतला आणि सोडला. दादांनी तो नमुना जागेवर बसवला.

संध्याकाळपर्यंत एकदाही कोसळला नाही.

१३ मार्च

मॉड्यूल पुन्हा कोसळायला लागलाय. जेवणानंतर जिना चढताना माझा श्वास थांबला. अडकला नाही, दम लागला नाही, नुसता थांबला. छाती जणू माझी नव्हतीच. कठडा धरून उभी राहिले आणि मग तो आपला आपण परत आला. वर पोहोचले तर ताई म्हणाल्या, आत्ताच पडला होता बघ तुझा लाडका.

१६ मार्च

ताईंना सांगितलं की पलीकडच्या खोलीत जा आणि मला न सांगता बोर्ड पाडा. त्यांनी मला वेड्यात काढलं, पण गेल्या.

बोर्ड पडला की माझा श्वास बंद. बोर्ड उठला की सुरू. दर वेळी.

ताई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या की आधीचा तो मुलगा आता ठणठणीत बरा आहे, परवा डोंगर चढून आला. कधीपासून बरा, असं मी विचारलं. मी मास्क लावला त्याच सुमारापासून.

१८ मार्च

दादांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, त्याचीच भीती वाटली. माझा नमुना रुग्णांच्या घरच्या सगळ्या यंत्रांवर चढलासुद्धा, म्हणाले. मग दार लावून घेतलं.

"सोमवारी नवी मुलगी येतेय. तिचा श्वास घे, तू सुटशील. मीही तसाच सुटलो होतो."

मी म्हटलं, मी दोष शोधीन. ते म्हणाले, सगळे हेच म्हणतात गं.

१९ मार्च

श्वास किती वेळा थांबतो ते मोजणं आता सोडलंय. कुठल्या घरात कुठलं यंत्र पडतं कुणास ठाऊक. बाबांचा फोन आला होता. बोलता बोलता मी गप्प झाले, तर त्यांना वाटलं मी रडतेय. रडत असते तर बरं झालं असतं.

आणि मी अजून कोडच्या त्याच चार ओळींत अडकलेय! चिडचिड होते. भीतीपेक्षा चिडचिडच जास्त.

२३ मार्च

नवी मुलगी आली. सगळ्यांना हसून नमस्कार करत होती. ताईंनी सवयीने मास्क पुढे केला आणि मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. बिचारी कावरीबावरी झाली. मला ताई म्हणाली. "चुकलं का ताई काही?"

काही चुकलं नाही तुझं.

२४ मार्च

सापडला! श्वास आत घेणारं काम आणि बाहेर सोडणारं काम, दोन्ही कधीकधी एकाच क्षणी मेमरीतली तीच जागा मोकळी करतात. जोड खरंच कच्चा होता. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबावं म्हणून कुलूप घातलं. आता पडणार नाही. पडायला नको.

दुरुस्ती सगळ्या यंत्रांवर एकदमच चढवायची आहे. रुग्णांना तेवढ्यापुरती दुसरी यंत्रं लावायची सोय ताईंनी केलीय. उद्या सकाळी.

२५ मार्च

जुना मॉड्यूल काढला. श्वास गेला. अपेक्षित होतं. बोलता येत नाही म्हणून लिहून दाखवतेय. हात ठीक आहे.

नवा चढला. पण पडद्यावर — नमुना नाही, नमुना द्या — जुना पुसला गेला — हे माझ्या लक्षात यायला हवं —

मास्क लावला. पण द्यायला माझ्याकडे श्वासच नाही —

ताई ओरडतायत. दादांनी माझ्या तोंडावरचा मास्क काढून नव्या मुलीच्या — नको — मी मान हलवतेय, नको — तिला वाटतंय मी मदत मागतेय —

तिने लावला. ओढला श्वास.

मला श्वास आला. सगळे टाळ्या वाजवतायत. ती माझ्याकडे बघून हसतेय. दुरुस्ती बरोबर असेल तर काहीच होणार नाही. बरोबरच आहे. मी तीनतीनदा तपासलीय. ती अजून हसतेय, काहीतरी सांगतेय मला, आणि सांगता सांगता