चित्रात सैनिक नको

चेंबूर, ८ ऑगस्ट १९७१

ति. अक्कास,
शकुचा सप्रेम जयभीम.

मन थाऱ्यावर नाही गं. आमच्या शेजारच्या हानाबाई, लढाईनंतर युरोपातून आलेल्या ज्यू नर्स, तुला ठाऊकच आहेत. हिटलरच्या छावणीत काढलेले दिवस त्यांनी चौकटीचौकटींत चित्रं काढून सांगितलेत. त्यांना मराठी लिहिता येत नाही, म्हणून खालची वाक्यं मी लिहिते. एका चित्रात हजेरीला तापाने फणफणलेली बहीण आहे. हजेरीला पडेल तिला मारायला नेत, म्हणून हानाबाई आणि दुसरी एक बाई तिला मध्ये घेऊन, खांदा लावून उभं धरतात. तिथे माझा हातच चालेना.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, झकास आहे, पण शेवटी सैनिक येऊन बायकांना सोडवतो असं दाखवा. बाई म्हणाल्या, सैनिक आले तेव्हा आम्ही, छावणीतून हाकत नेत होते त्या रांगेतून आधीच पळून, कोठारात लपलेल्या होतो. संपादक ऐकत नाहीत. छापलंच नाही तर बघणार कोण? बाईंना बदल करायला सांगू का?

पोरांना पापा. रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझी शकु

मनमाड, १९ ऑगस्ट

चि. शकुस,
अक्काचा आशीर्वाद नि जयभीम.

मुंबईत राहून घाबरट ती घाबरटच! बाईंना काही बदलायला सांगू नकोस. गावची विहीर भाऊरावमामांनी आपल्याला खुली करून दिली, असं दरवर्षी सभेत सांगतात. मामा तेव्हा पुण्यात होते. घागरी घेऊन आई, सखुबाई नि मी गेलो. दगड आले, तरी पाणी भरूनच परतलो. सभेत मी समोरच बसते, पण मला कुणी विचारलंच नाही गं.

जिवाला जप, माया असू दे.
अक्का

चेंबूर, २ सप्टेंबर

ति. अक्कास,
सप्रेम जयभीम.

हानाबाईंनी संपादकांकडून चित्रं परत आणली. आम्ही ती महिला मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावली. माहुलची मथुरा मासळीची पाटी उतरवून बघत राहिली. बहीण जगली का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, पुढे गेली, पण त्या दिवशी नाही नेऊ दिली.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यावर आपली विहीर काढली, पण पुढे हात अडतोय. सगळ्यांत पुढे आई होती ना?

उत्तराची वाट बघते, लोभ धरून.
शकु

मनमाड, ९ सप्टेंबर

चि. शकुस,
जयभीम.

नाही. पुढे मी होते. दगड आला तशी आई मध्ये आली. रविवारी येतेय, तोवर चित्रात दुसरं कुणी काढू नकोस.

अक्का