छत्तीस सेकंदांचा जिना

बाबा, मी तुमच्यासारखीच संशयी निघाले. आता मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि प्रयोगवहीतला आकडा फार सुबक दिसला की मुलीला उभी करून विचारते, हा मोजलास की जमवलास? मुली पाठीमागे मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे. पण असा जमवलेला आकडा मी स्वतः लिहिला होता, सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरच्या जिन्यात, तुमच्या नावापुढे. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

मी अकरावीत होते. त्या आठवड्यात जेवताना मी तुम्हाला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं की वजन जागचं हललंच नाही, तर पुस्तकाच्या हिशेबानं काम शून्य. तुम्ही पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवणारे, लोखंडाचा लोड हवेत तोलून धरण्यात तुमचा जन्म गेलेला. घास हातातच राहिला तुमचा. "मंग शिफ्टभर कॅबिनीत बसून मी काय करून राहिलो वो? तुह्या पुस्तकवाल्याले एक डाव वर आणून बसव." आई हसली, तुम्ही हसला नाहीत. त्यामुळे घरच्या माणसांची शक्ती मोजायचा गृहपाठ आला आणि तुम्ही एका शब्दात तयार झालात, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, हे आता माझी फजिती करणार.

हिशेब सोपा होता. वजनाला दहानं गुणायचं, मग जिन्याच्या उंचीनं, आणि लागलेल्या वेळानं भागायचं. वजनं दुर्ग स्टेशनावरच्या मशीनच्या तिकिटांवरून घेतली. जिना अठरा पायऱ्यांचा, तीन मीटर. रविवारची सकाळ आहे, आधी आई चढते, डोक्यावर दळणाचा डबा. "डब्याचं वजन बी धर माह्या नावावर," असं म्हणत ती बारा सेकंदांत वर येते आणि तशीच स्वयंपाकघरात शिरते. ती पन्नास किलो, डबा दहा. तुम्ही एकटेच साठ. म्हणजे काम दोघांचं सारखंच, अठराशे ज्यूल, फरक पडणार तो वेळेचा. तुमचंच घड्याळ माझ्या हातात आहे. सहाव्या पायरीवर तुम्ही थांबता, चपलेचा अंगठा नीट करता. बाराव्या पायरीवर कठडा धरून रस्त्याकडे बघता, जणू कुणी हाक मारली. रस्त्यावर कुणीच नाही. छत्तीस सेकंद. पन्नास वॅट! आपल्या स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा साठचा होता.

मी चिडले. तुम्ही मुद्दाम सूड उगवताय, असं तोंडावर म्हणाले. तुम्ही कठड्याला टेकून वहीत बघत राहिलात. मग विचारलंत, "हे वही कोनाले दाखवशीन?"

"आमच्या बाईंना."

"तिचा नवरा कुठं हाय? प्लांटच्या मेडिकलात तर नाही?"

"बँकेत आहेत हो! काहीतरीच काय?"

"तरी बी खोड तो आकडा."

मला वाटलं, बायकोनं हरवलं म्हणून पुरुषाचा तोरा दुखावला. शिवाय आमच्या वर्गात रीडिंग जमवून लिहायची रीतच होती, उत्तर आधी, मोजमाप मागून. पेन्सिलीचे छत्तीस पुसून नऊ लिहिले, दोनशे वॅट आले, आणि बाईंनी वर 'छान' लिहिलं.

चार महिन्यांनी तुम्ही क्रेनच्या शिडीखाली कोसळलात ते उठलाच नाहीत. तेराव्याला तुमच्या शिफ्टमधला, क्रेनला लोड बांधणारा खलाशी आला आणि आईची नजर चुकवून मला म्हणाला, "वर्ष झालं पोरी, शिडीवर तीनदा थांबत होते. कोनी पाहू नये म्हणून सगळ्याईच्या आधी येत. मले म्हणत, बोलू नको, मेडिकलवाले खाली उतरवतीन." तपासणीत नापास करून खाली उतरवलेल्याला फायली पोचवायला लावतात, आणि तुम्हाला ते मरणाहून वाईट वाटत होतं. तुम्ही घरून अर्धा तास आधी निघायचात, त्यावरही मी संशय घेतला होता. म्हटलं, चौकातल्या टपरीवर पत्ते कुटत असतील.

मला तुमचा राग येतो, बाबा, अजून येतो. चढायचंच नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, तुम्हाला कोण जबरदस्ती करणार होतं? कधीकधी मला संशय येतो की कुणीतरी एकदा मोजावं, घरातच मोजावं, म्हणूनच तुम्ही तयार झालात, आणि आकडा कागदावर दिसल्यावर घाबरलात. हे खरं की खोटं, आता कुणाला विचारू?

आई माझ्याकडेच असते. ती वही तिनं जपून ठेवली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. "आखरीपर्यंत नऊ सेकंदात जिना चढे माहा माणूस. झटक्यात गेले, काही तरास नव्हता. हाय ना वो?" असं म्हणून ती माझ्याकडे बघते आणि मी हो म्हणते. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून लिहून होताच फाडणार आहे. तुम्ही वर पोचलात तेव्हा तुमची धाप मला घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा मोठ्यानं ऐकू येत होती. ती ढोंगाची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं.